माती-नकाशा प्रकल्पाच्या नोंदी: दोन संगणक, एकच बिल्ड (नागपूर, एप्रिल ते जून २०२५)

७ एप्रिल २०२५, सोमवार

सकाळीच काटोल केंद्रातून भाऊंचा फोन. "मॅडम, नकाशा तर कोराच येऊन राहिला. शीर्षक आहे, सूची आहे, गाव नाही." केंद्रातल्या जुन्या संगणकावर नकाशा नेहमीसारखा निघतो. नुकताच नवा संगणक बसवला, त्यावर नुसती चौकट. कोड तोच, कमिट (कोडची नोंदवलेली आवृत्ती) तोच, नमुन्यांची फाइलही तीच.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: काटोल आणि नरखेड तालुक्यांतल्या संत्रा बागांच्या माती परीक्षणाचे आकडे आमच्याकडे येतात. त्यांवरून सामू, चुनखडी आणि सेंद्रिय कर्ब यांचे गाववार नकाशे काढणारा मुक्त प्रोग्राम आमचा छोटा गट नागपुरातून सांभाळतो. वरचा भाग पायथॉनचा, आत क्रिगिंगची (मोजलेल्या जागांवरून मधल्या जागांचा अंदाज काढायची) गणितं करणारी सी भाषेतली लहान लायब्ररी, आणि भूगोलाचं सगळं काम जीडाल आणि प्रोज या लायब्रऱ्यांवर. मृग बहार धरणारे बागायतदार आता बागा ताणावर सोडायच्या तयारीत आहेत. ताण तोडताना खताचा पहिला हप्ता पडतो, आणि तो किती टाकायचा हे ठरवताना आमचा नकाशा पुढ्यात असतो. म्हणजे मृग लागायच्या आत हे निस्तरायला हवं.

९ एप्रिल

कारण सापडलं. जुन्या संगणकावर उबुंटू १८.०४ आणि जीडाल २.२. नव्यावर उबुंटू २४.०४ आणि जीडाल ३.८. मधे २०१९ साली प्रोज ६ आणि जीडाल ३ आले आणि त्यांनी अक्षांश-रेखांशांचा क्रम बदलला. ईपीएसजी ४३२६ या अक्षांश-रेखांशांच्या प्रमाणित पद्धतीच्या मूळ व्याख्येत अक्षांश आधी येतो. जुनी जीडाल सोयीसाठी रेखांश आधी धरायची, नवी व्याख्येप्रमाणे चालते. काटोल साधारण २१.३ अंश उत्तर, ७८.६ अंश पूर्व. हे उलटं वाचलं की ७८.६ उत्तर, २१.३ पूर्व, म्हणजे उत्तर ध्रुवाकडचा स्वालबार्ड द्वीपसमूह. आमचे सगळे नमुने तिकडे जाऊन पडत होते आणि नकाशाची चौकट काटोलवरच होती.

दुरुस्ती एका ओळीची: 'अक्षांचा पारंपरिक क्रम धर' असं जीडालला स्पष्ट सांगायचं. ती झाली. पण माझं समाधान झालं नाही. कोरा नकाशा निदान डोळ्यांना दिसतो. न दिसणाऱ्या फरकाचं काय? यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत; तिचे विदर्भात दोन पट्टे पडतात. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला ४३ वा पट्टा, त्यात अमरावती. पूर्वेला ४४ वा, त्यात काटोल आणि नागपूर. मोर्शी तर जवळजवळ त्या रेषेवरच. अशा ठिकाणी लायब्ररीची आवृत्ती बदलली आणि रूपांतरात काही मीटरचा फरक पडला, तर एका बागेचा आकडा शेजारच्या बागेत जाईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.

संध्याकाळच्या बैठकीत ठरलं: आमच्या कोडच्या खाली जे जे आहे, ते सगळं बांधून ठेवणारं साधन निवडायचं. तुलना मी करायची, नोंदी इथे ठेवायच्या.

१२ एप्रिल

साधनं पाहण्याआधी मागणं नक्की केलेलं बरं. बिल्ड म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं. पुनरुत्पादक बिल्डची रूढ व्याख्या अशी: तोच सोर्स, तेच बिल्डचं वातावरण, त्याच सूचना दिल्या तर कोणालाही बिट-न्-बिट तीच फाइल मिळाली पाहिजे. यात 'कोणालाही' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या लॅपटॉपवर पुन्हा तेच मिळणं ही फक्त सुरुवात आहे.

त्यामागे सुरक्षेचं कारण आहे आणि ते गंभीर आहे. मार्च २०२४ मधलं, एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण आठवा. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार (गुपचूप आत शिरायची वाट) घातलेलं निघालं. आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरताना) नेहमीपेक्षा किंचित उशीर होतोय असं जाणवलं, म्हणून ते उघडकीला आलं. त्यातली कळीची बिल्ड स्क्रिप्ट गिट रिपॉझिटरीत नव्हतीच, प्रकाशनाच्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या गठ्ठ्यात) होती. वाचणारे एक वाचत होते आणि बिल्ड दुसऱ्याच गोष्टीची होत होती. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हाच मुद्दा कंपाइलरपर्यंत (सोर्सचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनापर्यंत) नेला होता: सोर्स स्वच्छ असला तरी कंपाइलर बाधित असेल तर प्रोग्राम बाधितच निघेल.

आमच्या गटातल्या मृदाशास्त्रज्ञ ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्याकडे एका नमुन्याचे दोन भाग करून दोन प्रयोगशाळांना पाठवतात. एकमेकांना न विचारता दोघांचा आकडा जुळला तरच तो धरायचा. तुमचं साधन हे करू देतं का, तेवढं सांग." या तुलनेसाठी मला याहून नेमकी कसोटी सापडत नाही. पुढच्या प्रत्येक साधनाला हाच प्रश्न विचारणार आहे.

१५ एप्रिल

काल आंबेडकर जयंतीची सुट्टी. आजपासून सुरुवात, आणि जे आधीपासून हाताशी आहे तेच पहिलं.

पिप, पायथॉनची पॅकेजं बसवणारं साधन. लॉक फाइलमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा अक्षरांचा ठसा) लिहून, हॅश सक्तीचा करून बसवता येतं. हे आम्ही करत होतोच. अडचण हॅशच्या पलीकडची आहे. रास्टेरिओ या पायथॉन लायब्ररीचं व्हील (तयार पॅकेज) येताना पोटात स्वतःची जीडाल आणि प्रोज घेऊन येतं. पायप्रोजचं व्हील स्वतःची वेगळी प्रोज आणतं. आणि सिस्टिमवर तिसरी असतेच. मग एखाद्या एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमुळे एका प्रोजनं दुसरीचा डेटाबेस उघडला की 'डेटाबेसची मांडणी जुनी आहे' असा संदेश येतो. आमच्या नव्या संगणकावर आज तोच संदेश पाहिला. पिपला पायथॉनच्या खालचं जग दिसत नाही, त्यामुळे ते बांधूनही ठेवता येत नाही.

कोंडा, पायथॉनच्या खालच्या लायब्रऱ्याही बसवणारं साधन. हे २०१२ पासूनचं, आणि भूगोलाच्या लायब्रऱ्यांसाठी कोंडा-फोर्जचा संग्रह उत्तम आहे. जीडाल एकच, प्रोज एकच, सगळे तिचाच वापर करतात. कोंडा-लॉक वापरलं तर प्रत्येक फाइलचा पत्ता आणि हॅश नोंदला जातो, आणि दोन्ही संगणकांवर तेच पॅकेज उतरतं. उद्या सकाळी काही करून द्यायचंच असतं तर मी हेच दिलं असतं, आणि घाईत असलेल्या कोणालाही आजही हेच सुचवेन.

पण ताईंच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. मला मिळते ती दुसरीकडे बनलेली बायनरी (तयार प्रोग्राम फाइल), तीच पुन्हा पुन्हा. ती नागपुरात सोर्सपासून नव्यानं बनवून जुळवून बघायची सरळ वाट कोंडा देत नाही.

१९ एप्रिल

डॉकर, प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका इमेजमध्ये बांधणारं साधन. "डॉकरमध्ये टाका ना, प्रश्नच मिटला" हे जवळजवळ प्रत्येकानं सुचवलं. डॉकर इमेज एकदा बनली की गोठते, आणि डायजेस्टनं (इमेजच्या हॅशनं) ओढली तर सगळीकडे तीच मिळते, हे खरं. पण ती बनते कशी? डॉकरफाइलच्या (इमेज बनवायच्या सूचनांच्या) दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत ॲप्ट या पॅकेज उतरवणाऱ्या साधनाचं अपडेट असतं, आणि ते त्या दिवशी आरशावर (पॅकेजच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवर) जे असेल ते उचलतं. एप्रिलची इमेज आणि जूनची इमेज एकाच डॉकरफाइलमधून वेगवेगळी निघते. टॅगही (इमेजला दिलेलं नाव) सरकतो. इमेज हरवली तर डॉकरफाइल हातात असूनही तीच इमेज परत मिळत नाही.

यावर डेबियन या लिनक्स वितरणाकडे चांगला उपाय आहे. डेबियनचा स्नॅपशॉट संग्रह जुन्या तारखांचे सगळे पॅकेज जपून ठेवतो, त्यामुळे अमुक दिवसाचं डेबियन द्या असं मागता येतं. ॲप्टला तो पत्ता दिला, मूळ इमेज डायजेस्टनं बांधली, डॉकरच्या बिल्डकिटला सोर्स डेट एपॉक (बिल्डसाठी ठरवून दिलेली वेळ) दिलं, की डॉकरही बऱ्यापैकी वळणावर येतं. बिल्डकिटमध्ये ही सोय २०२३ पासून आहे.

डेबियनबद्दल थोडं जास्त लिहावंसं वाटतं, कारण या विषयातलं सगळ्यात चिकाटीचं काम त्यांनी केलं. २०१३ मध्ये तिथे पुनरुत्पादक बिल्डची मोहीम सुरू झाली. प्रत्येक पॅकेज दोनदा बनवायचं, आणि दुसऱ्या वेळी मुद्दाम सगळं बदलायचं: संगणकाचं नाव, वापरकर्ता, वेळेचा पट्टा, भाषा, फाइल सिस्टिममधला क्रम, तारीख तर वर्षाहून जास्त पुढे. मग दोन्ही फाइली ताडून पाहायच्या. त्या कामातून दोन फाइलींतला फरक दाखवणारं डिफोस्कोप आलं, बिल्डच्या वातावरणाची नोंद ठेवणारी बिल्डइन्फो फाइल आली, आणि सोर्स डेट एपॉकचं मानक आलं, ज्यामुळे घड्याळ विचारणाऱ्या प्रत्येक साधनाला एकच ठरलेली वेळ सांगता येते. पुढे ज्यांबद्दल लिहिणार आहे त्या निक्स आणि गिक्सनाही या कामाचा उपयोग होतो. आम्ही साधन कोणतंही निवडलं तरी डिफोस्कोप आमच्या कामात राहणारच.

२४ एप्रिल

बेझल आणि स्पॅक एका दिवसात उरकले.

बेझल गूगलनं २०१५ मध्ये खुलं केलं. मोठ्या, अनेक भाषांच्या एकाच रिपॉझिटरीसाठी ते जबरदस्त आहे. पण जीडालसारखी बाहेरची लायब्ररी तिच्या सगळ्या अवलंबनांसह आत घ्यायची तर नियम आपणच लिहायचे. एवढ्या छोट्या गटाला तो भार पेलणार नाही. स्पॅक लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतून आलेलं, महासंगणकांसाठीचं. कंपाइलर, आवृत्ती, पर्याय यांचा हवा तो मेळ घालून देतं आणि निर्णय लॉक फाइलमध्ये नोंदवतं. पण ते यजमान सिस्टिमचा कंपाइलर आणि सी लायब्ररी सहज वापरतं, आणि आमचा त्रास तिथूनच सुरू होतो. दोन्ही बाजूला ठेवले.

३ मे

निक्स, पॅकेजं बनवणारं आणि सांभाळणारं साधन. याची सुरुवात २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी केली, २००६ च्या त्यांच्या प्रबंधात सगळी मांडणी आहे. कल्पना सरळ आहे. प्रत्येक पॅकेज निक्स स्टोअरमध्ये स्वतःच्या फोल्डरात राहतं आणि फोल्डरच्या नावाआधी ३२ अक्षरांचा हॅश असतो. तो हॅश सगळ्या घटकांवरून निघतो: सोर्स, कंपाइलर, बिल्डच्या सूचना, प्रत्येक अवलंबन आणि त्या अवलंबनांची अवलंबनं. यातलं काहीही बदललं की पत्ता बदलतो. त्यामुळे जीडाल २ आणि जीडाल ३ एका संगणकावर शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकींच्या आड येत नाहीत.

बिल्ड सँडबॉक्समध्ये होते. नेटवर्क नाही, घरचं फोल्डर नाही, ज्याची नोंद केली नाही ते दिसतच नाही. आमच्या सी लायब्ररीची पहिली बिल्ड लगेच पडली, कारण तिची मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) पडताळणीचे नमुने थेट इंटरनेटवरून उतरवत होती. हे आजवर कोणाला माहीत नव्हतं. साधनानं पहिल्याच दिवशी ते दाखवलं, हे मला फार आवडलं.

जीडाल, प्रोज, नमपाय सगळं निक्सपॅकेजेस या निक्सच्या संग्रहाच्या कॅशमधून (तयार मालाच्या साठ्यातून) मिळालं. धाकट्या सहकाऱ्याचा मॅक आहे, त्यावरही निक्स चालतं. त्रास डाउनलोडचा. तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करतो आणि त्याचा रोजचा २ जीबी डेटा पहिल्या बैठकीतच संपला. आता ऑफिसच्या एका जुन्या डेस्कटॉपवर आमची स्वतःची कॅश उभी केली आहे, एकदा उतरवायचं आणि आपसात वाटायचं.

भाषेबद्दल: निक्सची स्वतःची भाषा शिकायला जड आहे, चुकांचे संदेश लांबलचक आणि मुद्द्याबाहेरचे. फ्लेक्स (प्रकल्पाची अवलंबनं बांधून ठेवायची नवी पद्धत) २०२१ पासून आहेत, सगळे वापरतात, तरी अधिकृतपणे अजून प्रायोगिकच. नव्या माणसाला हे समजावताना मला स्वतःला अवघड वाटतं.

६ मे

आजची नोंद महत्त्वाची, कारण इथे पुष्कळांची गल्लत होते.

दोन्ही संगणकांवर निक्सनं आमचं पॅकेज बनवलं. पत्ता अक्षरशः एकच आला, सगळी ३२ अक्षरं. गटातून आनंदाचे निरोप आले. पण पत्ता घटकांवरून निघतो, तयार झालेल्या मालावरून नाही. कृती आणि सामान एकच होतं एवढंच तो सांगतो. बनलेली फाइल बिट-न्-बिट एकच आहे का, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

त्यासाठी वेगळी आज्ञा आहे: निक्स-बिल्डला 'चेक' हा पर्याय द्यायचा. ते पॅकेज पुन्हा बनवतं आणि आधीच्या मालाशी ताडून पाहतं. मग दुसऱ्या संगणकावरच्या मालाचा हॅश काढून आपण जुळवायचा. आमचं पॅकेज चेकमध्ये नापास. पत्ता एक, माल वेगळा.

११ मे

गिक्स. लुदोविक कूर्तेस यांनी २०१२ मध्ये ग्नू प्रकल्पात सुरू केलं, १.० आवृत्ती मे २०१९ मध्ये. मूळ कल्पना निक्सचीच, भाषा गाइल स्कीम. कंसांची सवय झाली की ती निक्सच्या भाषेपेक्षा मला जास्त स्वच्छ वाटते, कारण ती एक पूर्ण, जुनी, नीट दस्तऐवज असलेली भाषा आहे.

ताईंच्या प्रश्नाला सगळ्यात थेट उत्तर इथे आहे. 'गिक्स चॅलेंज' ही आज्ञा आपल्या संगणकावर बनलेला माल आणि वेगवेगळ्या सर्व्हरांवर स्वतंत्रपणे बनलेला माल यांचे हॅश समोरासमोर ठेवते. दोन प्रयोगशाळांची पद्धत साधनातच बांधलेली. 'टाइम मशीन' दिलेल्या कमिटच्या वेळचं गिक्स परत उभं करतं. सोर्सचा मूळ पत्ता मेला असेल तर सॉफ्टवेअर हेरिटेजच्या संग्रहातून आणायची सोय आहे. आणि २०२३ मध्ये त्यांनी जे साधलं ते थक्क करणारं आहे: ३५७ बाइटच्या एका बीजापासून सुरुवात करून, पायरी पायरीनं, सगळं सोर्समधून बनवत जीसीसी या कंपाइलरपर्यंत पोचायचं. थॉम्पसननी जी शंका १९८४ मध्ये मांडली, तिला इतक्या जिद्दीनं भिडलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. बिटकॉइन कोअरनं २०२१ मध्ये प्रकाशनाची बिल्ड गिक्सवर नेली ती उगाच नाही.

अडचणी: मॅकवर चालत नाही. सर्व्हर युरोपात, इथे उतरवणं संथ. आणि गटात स्कीम येणारी मी एकटी, म्हणजे मी नसताना कोणी हात घालू शकणार नाही. हा शेवटचा मुद्दा माझ्यासाठी निर्णायक आहे. ज्या साधनाची पडताळणी एकाच माणसाला येते, ते आमच्या कसोटीला अर्धंच उतरतं.

१७ मे

पारा ४४ च्या वर. दुपारी लाईन गेली, कूलर बंद, डेस्कटॉप यूपीएसवर कसाबसा टिकला. काम संध्याकाळी.

चेकमध्ये नापास झालेल्या सी लायब्ररीच्या दोन प्रती, एक माझ्या लॅपटॉपवरची आणि एक ऑफिसच्या डेस्कटॉपवरची, डिफोस्कोपला दिल्या. ते बायनरी उलगडून फरक ओळीवार दाखवतं.

पहिला फरक ठरलेलाच: 'आवृत्ती' छापणाऱ्या फंक्शनमध्ये मेकफाइलनं डेट आज्ञेतून घातलेली तारीख-वेळ. बिल्डची वेळ थेट बायनरीत. ती काढून टाकली, त्याऐवजी आवृत्ती क्रमांक. (निक्स सोर्स डेट एपॉक बांधून देतं, पण डेट आज्ञा ते बघत नाही.)

दुसरा फरक फंक्शनांच्या क्रमाचा. मेकफाइल सोर्स फाइली वाइल्डकार्डनं (नावाच्या साच्यावरून) गोळा करायची, आणि ग्नू मेकच्या ३.८२ पासून ४.३ च्या आधीपर्यंतच्या आवृत्त्या ती यादी क्रमवार लावत नव्हत्या. लायब्ररीच्या लेखकांनी यावर उपाय म्हणून स्वतःची एक स्क्रिप्ट लिहिली होती, ती डिस्कवर फाइली ज्या क्रमानं सापडतील तशाच उचलत होती. सॉर्ट लावला.

तिसऱ्या फरकावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. डिफोस्कोपच्या डाव्या बाजूला गुणाकाराची एक सूचना आणि तिच्याखाली बेरजेची एक. उजव्या बाजूला दोन्हींच्या जागी एकच: एफएमए, म्हणजे गुणाकार आणि बेरीज एका दमात. मेकफाइल बिल्डच्या वेळी प्रोसेसर तपासून कंपाइलरला त्याप्रमाणे पर्याय देत होती, म्हणजे ज्या संगणकावर बनतंय त्याच्या प्रोसेसरला जे जे येतं ते वापर. ऑफिसच्या जुन्या डेस्कटॉपला एफएमए येत नाही, लॅपटॉपला येतं. वेगळ्या सूचनांमुळे गणितही वेगळं होतं: दोन सूचनांमध्ये दोनदा गोलाई होते, एफएमएमध्ये एकदाच, त्यामुळे शेवटचा अंक बदलू शकतो. शिवाय लॅपटॉपवर बनलेली लायब्ररी काटोलच्या जुन्या संगणकावर नेली असती तर प्रोग्राम तिथल्या तिथे बंद पडला असता. सँडबॉक्स नेटवर्क, फोल्डर लपवतं, पण प्रोसेसर लपवत नाही. पर्याय काढला, सगळ्या एक्स८६-६४ प्रोसेसरांना समजेल अशा मूळ सूचनांपुरतंच ठेवलं.

चेक पास. दोन्ही संगणकांवरच्या मालाचा हॅश एक.

२५ मे

नवतपा लागला.

बिल्ड जुळली तर नकाशेही जुळले पाहिजेत, म्हणून आज एका गावाचा सेंद्रिय कर्बाचा नकाशा दोन्ही संगणकांवर काढला. बायनरी बिट-न्-बिट एक, इनपुट एक. नकाशे जुळले नाहीत. फरक मोजक्या चौकोनांत, पण त्यांतल्या एका बागेचा रंगच बदललेला: इकडे 'कमी', तिकडे 'मध्यम'. त्या रंगावर खताची शिफारस बदलते.

२८ मे

उलगडलं. आमच्या क्रिगिंगमध्ये शेवटी समीकरणांचा मोठा संच सुटतो आणि ते काम ओपनब्लास ही गणिताची लायब्ररी करते. ओपनब्लासच्या एकाच बायनरीत अनेक प्रोसेसरांसाठी वेगवेगळी गणितं भरलेली असतात. प्रोग्राम सुरू होताना समोरचा प्रोसेसर ओळखून ते त्यातलं एक निवडतं. म्हणजे बिल्ड पुनरुत्पादक असली तरी चालताना वेगळा रस्ता धरला जातो. शिवाय धागे (एकाच वेळी समांतर चालणारी कामं) किती यावर बेरजेचा क्रम बदलतो, आणि दशांशी गणितात बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात.

पण एवढ्याशा फरकानं रंग का बदलावा? त्या बागेतला नमुना काढून पाहिला. प्रयोगशाळेचा आकडा ०.५० टक्के. आणि 'कमी' व 'मध्यम' यांची सीमाही ०.५० च. आमचं क्रिगिंग नमुन्याच्या जागेवर नमुन्याचाच आकडा परत देतं, पण संगणकातून तो कधी ०.५ च्या केसभर खाली येतो, कधी केसभर वर. प्रयोगशाळा दोनच दशांश देते, त्यामुळे नेमका ०.५० असलेला नमुना दुर्मीळ मुळीच नाही.

दोन उपाय, दोन्ही केले. ओपनब्लासला प्रोसेसरचा प्रकार आणि एकच धागा असं एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलनं बांधून दिलं. आणि वर्ग ठरवण्याआधी आकडा दोन दशांशांवर आणला. दुसरा उपाय ताईंनी सुचवला: "प्रयोगशाळा जेवढं खात्रीनं सांगते, त्याच्या पुढचे अंक नकाशानं वापरायचेच कशाला?" माझ्या मते हाच खरा उपाय. पहिल्यानं संगणकांना एका ओळीत आणलं, दुसऱ्यानं नकाशा प्रामाणिक झाला.

पॅकेज व्यवस्थापनाच्या चर्चेत हा भाग बहुतेक वेळा राहून जातो. निक्स असो की गिक्स, त्यांचा शब्द बिल्डपर्यंत आहे. शेतकऱ्याच्या हातात नकाशा जातो, बिल्ड नाही.

३१ मे

एक जास्तीची पडताळणी. निक्सच्या आणि गिक्सच्या बायनरी आपसात जुळणार नाहीत, कारण स्टोअरचे पत्तेच त्यांच्या आत लिहिलेले असतात. पण नकाशे जुळले पाहिजेत. म्हणून तोच सोर्स तीन वाटांनी बनवला: निक्सनं, गिक्सनं, आणि स्नॅपशॉटवर बांधलेल्या डेबियन १२ वर. तीन वेगळे जीसीसी, तीन वेगळ्या जीडाल. आमच्याकडे असलेल्या सगळ्या गावांचे नकाशे काढले. आता प्रत्येक चौकोनाचा वर्ग तिन्हीकडे एकच येतो. अक्षांचा क्रम स्पष्ट सांगितल्यामुळे जीडालच्या आवृत्तीचाही फरक पडत नाही. मोर्शीकडच्या नमुन्यांसाठी पट्टा आपोआप न निवडता फाइलमध्येच लिहायची सक्ती केली आहे.

निक्सओएसची २५.०५ आवृत्ती याच महिन्यात आली. मोह झाला, पण हंगामाच्या तोंडावर बदल नको. २४.११ वर ज्या कमिटला बांधलंय तिथेच राहू.

३ जून

निर्णय, सगळ्यांच्या संमतीनं.

रोजच्या कामाला आणि प्रकाशनाला निक्स. मॅकवर चालतं, जीडाल तयार मिळते, आणि गटातल्या आणखी दोघांना आता ते हाताळता येतं. प्रकाशनाची अट अशी: दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या संगणकांवर, आमची कॅश बंद ठेवून आमचं पॅकेज सोर्सपासून बनवायचं. हॅश जुळला तर दोघांच्या सहीनं तो जाहीर करायचा, नाहीतर प्रकाशन थांबवायचं.

गिक्सची व्याख्या मी रिपॉझिटरीत ठेवणार आहे, वर्षातून एकदा नकाशे ताडून पाहण्यासाठी. गिक्सच्या रिपॉझिटरी मे महिन्यात कोडबर्ग या कोड ठेवायच्या सेवेवर गेल्या. तिथला प्रत्येक कमिट सहीनिशी पडताळला जातो, त्यामुळे जागा बदलली तरी इतिहासावरचा विश्वास तसाच राहतो. निक्सपॅकेजेसमध्ये अशी पडताळणी नाही, आणि ती यावी असं मला मनापासून वाटतं.

डॉकर इमेज देणं बंद. कोंडाची लॉक फाइल विद्यार्थ्यांसाठी ठेवली आहे, 'फक्त शिकण्यासाठी' असं ठळक लिहून.

७ जून

काटोलला जाऊन आले. तिथल्या इंटरनेटवर भिस्त नको म्हणून पॅकेज आणि त्याची सगळी अवलंबनं पेनड्राइव्हवर नेली होती. निक्स स्वतःची ग्लिबसीसुद्धा (सिस्टिमची सी लायब्ररी) सोबत आणतं, त्यामुळे १८.०४ वाल्या जुन्या संगणकावरही बसायला काही अडलं नाही. दोन्ही संगणकांवर एकाच गावाचा नकाशा काढला आणि भाऊंना दोन्ही फाइलींचा हॅश स्वतः काढायला शिकवलं. त्यांनी एकेक अक्षर बोटानं ताडून पाहिलं, मग म्हणाले, "म्हणजे आता कोणत्याही मशीनवर काढा, विचारायचं काम नाही." मी म्हटलं, विचारायचं काम आहेच, फक्त आता तुम्हाला स्वतः विचारता येतं. केंद्राच्या भिंतीवर प्रकाशनाचा हॅश छापून लावला आहे. नकाशाच्या पायथ्याशीही तोच छापला जाईल.

पुढची कामं: पीडीएफ अहवालात बनवल्याची तारीख आणि फाइलची ओळख दर वेळी बदलते, ती नमुन्यांच्या तारखेला बांधायची. चुनखडी आणि सामूच्या वर्गांनाही दोन दशांशांचा नियम लावून तपासायचं. नरखेड केंद्राचा संगणक पुढच्या आठवड्यात.